दुसऱ्या खिडकीच्या वर

गावात कुणाला समुद्राचं काही विचारायचं असलं की लोक माझ्या नवऱ्याला विचारायचे. मी शेजारी बसून शेंगा फोडत असले तरी त्यालाच. मी समुद्राच्या काठावर जन्मले, तिथंच लहानाची मोठी झाले. माझे वडील दीपगृहात दिवा लावायच्या नोकरीला होते. नवरा तिकडं एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहून आलेला. एवढ्यावर तो समुद्राचा जाणकार झाला आणि मी शेंगा फोडणारीच राहिले.

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मी फार शिकलेली नाही. तिसरीतून शाळा सुटली, दोन वर्षांनी लग्न झालं. पुढं वाचायला-लिहायला आलं ते सासरच्या घरात, सासूनं दुपारची तेवढी सवड दिली म्हणून. त्यामुळं हे लिहिताना सारखी धास्ती वाटते, की कुणी म्हणेल, ज्या घरानं हातात पेन्सिल दिली त्याच घरातल्या माणसाची उणीदुणी काढायला बसली. तसं नाही. त्या घराचे उपकार मी विसरलेली नाही. पण मत्सर वाटला होता, आणि चांगला दोन वर्षं वाटला होता, ते कसं लपवू?

माझे वडील मूळचे वसमतकडचे, गवंड्याच्या घरातले. तरुणपणी कामाच्या मागं फिरत फिरत पार कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि थापी सोडून दिव्याच्या नोकरीत शिरले. तिथंच राहिले, पण मन इकडंच. पोरगी आपल्याच माणसांत द्यायची म्हणून त्यांनी मला उचलून निजामाच्या राज्यात, औंढ्याहून जवळा बाजारला जाताना लागणाऱ्या एका खेड्यात, चुन्याचं काम करणाऱ्या घरात दिलं. बोटीतून मुंबई, तिथून रेल्वेनं वसमत, पुढं बैलगाडी. गाडीत बसल्यावर मी वडलांना विचारलं, "आबा, तिथून समुद्र किती लांब?" ते म्हणाले, "तिथं समुद्राचं कुणाला काम पडत न्हाई."

खरंच कुणाला काम पडलं नाही. मी नवी नवरी असताना बाया हळद शिजवायच्या कढईभोवती बसल्या की मला बोलतं करायच्या. मी सांगायचे, आमच्या घरामागं दगडाचा उंच मनोरा आहे, वर दिवा आहे, तो रात्रभर गोल फिरतो आणि त्याचा उजेड लांब जहाजावरच्या माणसाला दिसतो.

"दिवा फिरतो? पाय हायेत व्हय गं त्याला?"

"काहून फिरवायचा पण? एका जागी बसंना का गुमान."

"आमच्या दीपमाळेएवढा हाय का तुझा मनोरा?"

मी म्हणायचे, चार-पाच दीपमाळा एकावर एक ठेवल्या तर होईल. मग अशी हसाहस व्हायची की कढईतली हळद करपायची वेळ यायची. शेजारच्या एका म्हाताऱ्या काकांनी तर मला मायेनं समजावलं होतं. मी म्हणाले होते, समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही. ते म्हणाले, "पोरी, काठाबगर पाणी ऱ्हातं व्हय? ल्हान व्हतीस तू, दिसला नसंल."

आणि माझी अडचण अशी, की मला छातीठोक बोलता येत नव्हतं. कारण त्या मनोऱ्याच्या वर मी कधी गेलेच नव्हते. बायामाणसांनी दिव्याच्या खोलीत यायचं नाही असा नियम होता, आणि वडील नियमाला कडक. मी रोज त्यांची भाकरी घेऊन आतल्या गोल जिन्यानं दुसऱ्या खिडकीपर्यंत जायची. तिथून वर हाक मारायची. ते खाली येऊन खिडकीत बसून जेवायचे आणि जेवताना मनोऱ्याची कुळकथा सांगायचे. आधी इथं नुसता किल्ल्याचा बुरूज होता, त्यावर लोखंडी टोपल्यात लाकडं नि नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, जाळायचे. पावसाळ्यात जाळ विझायचा आणि गलबतं खडकावर यायची. मग मनोरा बांधला, वातीचे दिवे आले. मग बोटीतून खोक्यांत, पेंढ्यात गुंडाळून भिंगं आली, परकराला चुण्या असाव्यात तशी कड्यांवर कडी असलेली. मग रॉकेलचा दिवा आणि तो फिरवणारं यंत्र. यंत्राला साखळीनं बांधलेलं वजन सावकाश खाली उतरतं, त्या ओढीनं भिंगं फिरतात, आणि वजन तळाला गेलं की पुन्हा चावी देऊन वर घ्यायचं.

"मी एकदा बघू, आबा?"

"वर बघण्यासारखं काय बी न्हाई. उष्टी भांडी घे, जा."

तर एवढीच माझी पुंजी. दुसऱ्या खिडकीपर्यंतची.

सासरच्या घराची एक चाल इथं सांगायला हवी. दीपमाळ असो, देवळाचं शिखर असो, गढीचा बुरूज असो, उंच काम पुरं होताना आमचे लोक शेवटी मुठीएवढी जागा मोकळी सोडत. तिला मूठच म्हणायचे. ती गवंड्याच्या बायकोनं वर चढून चुन्यानं भरायची आणि वरून पंजा उमटवायचा. दुसऱ्याच्या हातानं मूठ भरली तर काम उसनं होतं असं मानायचे. गावातली दीपमाळ माझ्या सासऱ्यांनी दुरुस्त केली होती, तिच्या माथ्याशी माझ्या सासूचा पंजा होता. दिवाळीत पणत्या लावायला चढणारी पोरं त्यात हात ठेवून बघायची. मलाही त्या पंजाचा हेवा वाटायचा. माझ्या नवऱ्याच्या वाट्याला तोवर नुसत्या विहिरी आणि हौद आलेले. खोल कामाला मूठ नसते.

मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, दिवाळी झाल्यावर वडील अचानक आले. आल्या आल्या पाय धुतले आणि जावयापुढं बसले.

"जावईबापू, मनोऱ्याला आजार झालाय."

"म्हंजी?"

"गिलावा ढलप्या ढलप्यांनी खाली येऊन राहिला. आत ओल. भिंगाच्या खोलीपतोर ओल गेली."

नवऱ्यानं चिलीम बाजूला ठेवली. "सिमीट लावलंय का कुणी?"

"लावलं की. मागच्या ठेकेदारानं चांगलं जाडजूड."

"मंग बराबर हाय. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमीट म्हंजी उन्हाळ्यात घोंगडं. पाणी आत कोंडतं. सगळं खरवडून पुन्यांदा चुनाच लावावा लागंल."

"साहेबाला तेच सांगितलं मी. म्हणाला, चुन्याचा माणूस आण. तुमाला न्यायला आलोय."

मी दारातच उभी होते. वाटलं, आता माझंही निघेल. म्हणाले, "मी बी येते."

"तू काहून?" वडील म्हणाले. "लेकरू अंगावर हाय. तुझ्या सासूचे गुडघे धरलेत. घर कोण बघंल?"

सगळं खरं होतं. म्हणून तर जास्त लागलं. वसमतच्या स्टेशनाकडं गाडी निघाली तेव्हा नवरा थापी, ओळंबा आणि चुन्यात घालायला बेलफळांचं पोतं घेऊन माझ्या माहेरी चालला होता आणि मी त्याच्यासाठी भाकरी बांधून देत होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो परत आला. काळाठिक्कर पडला होता, ओठ फुटलेले. पण छाती अशी पुढं, की दारात मावेना.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर निम्मं गाव.

"समिंदर केवढा असतो रं?" त्याच शेजारच्या काकांनी विचारलं.

"काका, आपलं औंढ्याचं तळं धरा. फक्त पल्याडचा काठ काढून टाका."

"काठच न्हाई?"

"न्हाई."

काकांनी मान डोलावली. "असंल बाबा. देवाची करणी."

माझ्या हातातला तांब्या आपटायचाच राहिला. हेच शब्द! हेच काका!

मग तो माझ्या आईचं सांगायला लागला. आधी माशाचा वास सोसत नव्हता, कोरडी भाकरीच खाल्ली, मग सासूबाईंनी बळंच कालवण वाढलं, मग काय विचारता. पुढं कित्येक महिने माझ्या पिठल्याकडं बघून तो म्हणायचा, "तुझी आई कालवण काय करती!" माझ्याच आईच्या हातची चव तो मला सांगायचा. ती चव माझ्या तोंडातून गेली होती आणि त्याच्या तोंडात ताजी होती.

एक मात्र चांगलं झालं होतं. पहिला गिलावा त्यानं किनाऱ्यावरच्या वाळूचा केला आणि तो पंधरवड्यात पांढरा फुलून गळाला. समुद्राची वाळू खारट असते हे त्याच्या गावी नव्हतं. माझी आई म्हणाली होती म्हणे, "जावई, वाळू नदीची आणा, नि तीसुद्धा विहिरीच्या पाण्यानं धुवा." हे त्यानं ओट्यावर नाही सांगितलं, मला घरात सांगितलं. मी म्हणाले, "मला विचारून गेला असतात तर मीच सांगितलं असतं." तो म्हणाला, "व्हय, चुकलंच." मला तेवढ्यानं पुरलं नाही.

ओट्यावरची खरी गोष्ट दिव्याची होती. "भिंग म्हंजी म्हशीएवढं," तो हात पसरून सांगायचा. "आत शिरलो तर माझी सावली पार पाण्यावर."

मी आतून म्हणाले, "सावली न्हाई पडत. उजेडाचा पट्टा फिरतो."

"तू वर गेली व्हतीस का?" सासूनं विचारलं.

"न्हाई."

"मंग? त्यो आत जाऊन बघून आला."

सासूनं टोमणा मारला नव्हता. साधा हिशोब केला होता. पण मी उठून न्हाणीघरात जाऊन उगाच हंडा घासत बसले. वडलांनी मला जन्मात जिथं नेलं नाही तिथं परक्या घरच्या माणसाला नेलं, जावई म्हणून, पुरुष म्हणून. आता त्या मनोऱ्यातलं माझं काय उरलं होतं? दुसरी खिडकी. तीही त्यानं मधे दम खायला वापरली असणार.

त्यानंतरचं वर्षसव्वावर्ष आमच्याकडं धामधुमीचं गेलं. रस्ते बंद, गाड्यांचा भरवसा नाही, दिवस मावळला की दारं लागायची. वडलांची खुशाली कळेना. जिवाला घोर असायचा, नवरा कामावरून जरा उशिरा आला तरी मी दारात जाऊन उभी राहायचे. आणि लाज वाटते सांगायला, त्या घोरातही, नवरा कुणाला म्हशीएवढ्या भिंगाचं सांगायला लागला की मत्सर आपला जागच्या जागी हजर असायचा.

मग निजामाचं राज्य गेलं. रस्ते मोकळे झाले. त्या दिवाळीत दारात वडील उभे. मी पाया पडायला वाकले तर त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच.

"कुठं हाय तो? मूठ ठेवून पळालेला?"

नवरा मागून आला आणि जागीच थबकला.

"दोन पावसाळे!" वडील म्हणाले. "दोन पावसाळे मी त्या भोकात डांबर लावलेलं पोतं कोंबून ऱ्हायलोय. दिव्याच्या खोलीच्या उंबऱ्याखाली भोक! पाणी मुरून मुरून यंत्राच्या साखळीवर ठिबकतंय. गंज चढलाय. माघ महिन्यात मोठा साहेब तपासणीला येणार. साखळी बघितली तर माझी नोकरी जाती का ऱ्हाती?"

"मंग दुसऱ्या गवंड्याकडून भरून..." सासू म्हणाली.

"वयनी, मी बी गवंड्याचाच पोरगा हाय. दुसऱ्याच्या हातानं मूठ भरू देऊ? ठेवली कुणासाठी ते मला कळत न्हाई व्हय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी नवऱ्यावर ओरडलेच, "मला बोलला न्हाईत ते!"

तो मान खाली घालून म्हणाला, "बोललो असतो तर तू रोज इचारलं असतंस, कधी नेता म्हणून. आन रस्ते बंद. रोज काय सांगू तुला?"

हे ऐकून मी विरघळले असं कुणाला वाटेल. थोडी विरघळलेही. पण एक आवाज आत म्हणतच होता, ह्याचा हात तिथं सगळ्या मनोऱ्यावर फिरला आणि मला मुठीएवढी जागा. तीही गळकी.

लेकरू सासूजवळ ठेवलं. तिनं आपल्या हातानं माझी ओटी भरली आणि कानात म्हणाली, "पंजा दाबून उमटव. घाबरून हात उचलू नको, बोटं पुसट येतात. माझी करंगळी न्हाई आली नीट." इतक्या वर्षांत ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली, हे मी विसरणार नाही.

माहेरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मनोरा चढलो. पुढं वडील, मधे मी, मागं नवरा आमच्या शेतातल्या चुनखडीचा भिजवलेला चुना घेऊन. दुसऱ्या खिडकीपाशी माझे पाय आपोआप थांबले. हाक मारायला तोंडही उघडलं होतं.

"चल की," वडील वरून म्हणाले.

"आबा, इथपतोरच..."

"आज तू कामावर आलीयस. कामाच्या माणसाला वर यावंच लागतं."

वरच्या सज्जात वाऱ्यानं पदर डोक्यावर राहीना, तो कमरेला खोचला. नवऱ्यानं पोतं ओढून काढलं. भोक खरंच मुठीएवढंच होतं, कडा अजून धारदार. मी चुना भरला, बोटांनी आतवर दाबला, वरून थापीनं सारखा केला आणि पंजा टेकवला. सासूचं आठवलं, हात उचलला नाही. नवरा म्हणाला, "बास, बास, आता काढ." मी आणखी जरा वेळ ठेवला.

मग वडलांनी बादली पुढं केली. "हात धू. कोपरापतोर. पाय पूस. आन हात पाठीमागं धर, कशाला लावू नको." त्यांनी दिव्याच्या खोलीचं दार उघडलं. नवरा लगबगीनं उठला आणि पुढं झाला.

"तुमी न्हाई," वडील म्हणाले.

"आबा, आता तरी..."

"चुन्याच्या अंगानं न्हाई. एक कण भिंगावर बसला तर ओरखडा पडतो. तवा न्हाई म्हणालो, आता बी न्हाई."

मी नवऱ्याकडं वळून बघितलं. तो कठड्यापलीकडं, समुद्राकडं बघत होता, फार मन लावून.

म्हणजे तो आत गेलाच नव्हता! सात महिने बाहेर सज्जात बसून चुना लावला आणि दार एकदाही उघडलं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढा आनंद झाला, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी घाईनं उंबरा ओलांडला.

आत दिवा विझलेला होता आणि काचांना चारी बाजूंनी पांढरे पडदे. दिवसा पडदे लावले नाहीत तर भिंगांतून ऊन गोळा होऊन आग लागते, असं वडील म्हणाले. मला क्षणभर वाटलं, एवढं चढून आले ते झाकलेला दिवा बघायला. मग त्यांनी सावलीच्या बाजूचा एक पडदा हातभर वर उचलला आणि मला भिंगाच्या अलीकडं उभं केलं.

"बघ."

कडी कडीच्या काचेत समुद्र वर होता आणि आभाळ खाली. एक होडी छताला लटकल्यागत उलटी सरकत होती. आणि एका कोपऱ्यात, सज्जात उकिडवा बसलेला माझा नवरा, डोकं खाली, पाय वर, मुंगीएवढा. हातानं डोळ्यांवर आडोसा करून तो काचेतून आत बघायची धडपड करत होता. त्याला आतलं काही दिसत नसणार.

वडील म्हणाले, "तुला ल्हानपणीच दाखवायचं व्हतं. हिंमत झाली न्हाई." आणि पडदा सोडला.

खाली उतरताना दुसऱ्या खिडकीपाशी नवऱ्यानं हळूच विचारलं, "आत काय हाय गं?"

"म्हशीएवढं भिंग," मी म्हणाले. "तुमीच सांगितलंत की."

तो थापी पुसत पुढं उतरायला लागला.

माघात मोठ्या साहेबानं साखळी घासून स्वच्छ केलेली बघितली, वडलांची नोकरी राहिली. आम्ही त्याच्या आधीच परत आलो. सासूनं पहिला प्रश्न करंगळीचा विचारला. नीट आली, म्हणाले. तिनं माझा हात हातात घेऊन उगाच करंगळी चाचपून बघितली.

ओट्यावर पुन्हा माणसं जमली आणि पुन्हा त्यालाच विचारू लागली. मी खोडून काढलं नाही. तो सांगायचा, भिंग म्हशीएवढं, आणि सांगताना चोरून माझ्याकडं बघायचा. मग लोक पांगले की हळूच यायचा. "खरं सांग, कसं हाय आतून? दिवा मोठा हाय का? तुझी शपथ, कुणाला सांगणार न्हाई." कधी आठवड्यानं विचारायचा, कधी बाजारातून माझ्यासाठी चुडे आणून विचारायचा. त्याच्या डोळ्यांत जे दिसायचं ते मी चांगलं ओळखत होते. दोन वर्षं मी त्याच मत्सराबरोबर राहिले होते.

थोडं थोडं सांगितलंही पुढं. कड्यांचं सांगितलं, पडद्यांचं सांगितलं, होडीचं सांगितलं. तो उलटा दिसत होता, ते मात्र नाही सांगितलं.